चादरीआडचा दरबार

आमच्या बाई वर्गात शिरण्याआधी मुजरा करायच्या. बाकीच्या शिक्षिका आल्या की आम्ही उभं राहायचं, ‘नमस्ते बाई’ म्हणून एका सुरात ओरडायचं आणि धपकन खाली बसायचं, ही सगळ्या शाळांची रीत. या बाई मात्र उंबऱ्यातच थांबायच्या. किंचित वाकून उजवा हात तीनदा कपाळापर्यंत न्यायच्या आणि म्हणायच्या, "आज्ञा असेल तर आत येते, सरकार." समोर आठवीच्या साठ पोरी. कुणाची रिबीन सुटलेली, कुणाच्या बोटाला शाई, कुणी बाकाखाली चिंचा लपवत असलेली. आम्ही खिदळायचो. पण ‘या’ म्हटल्याशिवाय त्या पाऊल टाकत नसत. एकदा आम्ही मुद्दाम गप्प बसलो, तर खडू हातात घेऊन अर्धा तास दारात उभ्या राहिल्या, अगदी आरामात, जणू एसटीची वाट बघतायत.

त्या प्रत्येकीला सरकार म्हणत. गृहपाठ न आणणारीला ‘सरकारांची वही दिसत नाही’, उशिरा येणारीला ‘सरकारांची पालखी कुठं अडकली’. झाडू मारणाऱ्या मावशींनाही सरकार, आणि त्यांना तर हात जोडून. म्हणून आम्ही त्यांचं नाव सरकारबाई ठेवलं. खरं नाव हजेरीपटावर असेल. मला ते पुष्कळ वर्षं माहीतच नव्हतं.

बाई अक्कलकोटच्या बाजूच्या. घरात कानडी, शाळेत मराठी, आणि दोन्हींच्या मधे एक शब्द कायम ओठांवर, ‘इरली’. इरली म्हणजे असू दे. पंखा बंद पडला, इरली. डब्यातल्या कडक भाकरीवर कुणी डल्ला मारला, इरली. पगाराच्या दिवशी कारकून जेवायला निघून गेला, तरी इरली. कपाळावर कुंकवाच्या वर विभूतीची पुसट रेघ, फिकट सुती पातळ, खांद्याला कापडी पिशवी. लग्न केलं नव्हतं. का नाही, हे विचारायची आमची प्राज्ञा नव्हती, आणि पोरींनी आपापसात लावलेले तर्क इथं सांगण्यासारखे नाहीत.

मी मूळची माढ्याजवळच्या एका वस्तीवरची. आमच्याकडं सातवीनंतर शाळा लांब, म्हणून मला सोलापुरात भवानी पेठेत मामाकडं ठेवलेलं. मामा यंत्रमागावर कामाला. खाली कारखाना, वर दोन खोल्या, आणि भिंतींतून दिवसभर मागांची खटखट. पहिला महिना मला झोप लागेना. नंतर सुट्टीत गावी गेले की तिथं शांततेनं झोप लागेना. शाळाही त्याच गल्लीत, वरच्या मजल्यावर. दुपारी ऊन कलायला लागलं की तीच खटखट खिडकीतून आत यायची, बाईंचा आवाज तिच्यावर हळूहळू चालायचा, आणि डोळे मिटतायत की उघडे आहेत हे कळेनासं व्हायचं. बाई इतिहास शिकवायच्या. तो मी असा अर्धा जागेपणी आणि अर्धा झोपेत ऐकला. अजूनही त्यातलं पुस्तकातलं कुठलं आणि माझं मीच रचलेलं कुठलं, हे मला खात्रीनं सांगता येणार नाही.

"आपला सोलापूरचा किल्ला बघितलाय का, सरकार?" त्या विचारायच्या. "बागेत भेळ खायला जाता, तो. हा किल्ला एके काळी आंदण म्हणून ठरायचा. नगरचं घर, विजापूरचं घर, दोघांत सोयरीक झाली की मुलगी इकडून तिकडं, आणि मागोमाग किल्ल्याचं भांडण. जाणार का म्हणून किल्ल्याला कुणी विचारलं नाही. मुलीलाही नाही." मग खिडकीबाहेर बघत राहायच्या. "आणि मग एके दिवशी नवरा मरतो. मुलगा पाळण्यात. सरदार दारात. आणि आत्तापर्यंत जिच्याकडं कुणी बघितलं नाही, तिच्याकडं सगळे एकदम बघायला लागतात."

राण्यांवर त्यांचा फार जीव. आपल्याकडच्याही आणि समुद्रापारच्याही. तिकडच्या राण्यांना पडदा नव्हता, त्या उघड्या सिंहासनावर बसायच्या, हे ऐकून आम्हाला हेवा वाटायचा. बाई हसायच्या. "पडदा नव्हता, पण लग्नाचं काय? लग्न केलं तर नवरा राजा होऊन बसेल, ही भीती. नाही केलं तर पुढं वारस कोण, म्हणून सगळा दरबार डोकं खाणार. इकडची विधवा म्हणून अडचण, तिकडची कुमारी म्हणून अडचण. मुकुट सारखाच जड, सरकार."

शनिवारी सकाळची शाळा असे आणि शेवटचा तास बाईंचा. त्या दिवशी पुस्तक बंद. बाई पिशवीतून एक मोठी सोलापुरी चादर काढायच्या आणि फळ्याच्या कोपऱ्यात दोरीवर टांगायच्या. चादरीमागं एक खुर्ची. तो आमचा दरबार. चिठ्ठ्या टाकून भूमिका ठरायच्या. एक राणी, ती चादरीमागं, जवळ तिची दाई. एक दिवाण, एक सेनापती, दोनतीन सरदार, एक शास्त्री, एक मशालजी, एक अंगण झाडणारी. वर्गातली सगळ्यात छोटी पोर बाळराजा. तिला डोक्याला टॉवेल बांधून पुढच्या खुर्चीत बसवायचं आणि शेंगा खायला द्यायच्या, कारण हुकूम सगळे तिच्याच नावानं निघायचे. राणीनं मोठ्यानं बोलायचं नाही. जे काय ते दाईच्या कानात. बाहेर दिसायचा तो फक्त तिचा मनगटापर्यंतचा हात, आणि त्या हातात शिक्का.

कोण कुठं बसणार यावर बाई फार वेळ घालवायच्या. गालिचा म्हणून शाळेची जाजम. दिवाण गालिच्यावर, शास्त्री पाटावर, सरदार कडेला, मशालजी उभा, झाडणारी उंबऱ्याबाहेर. चिठ्ठी ती चिठ्ठी. एकदा बँकेतल्या साहेबांची मुलगी उंबऱ्याबाहेर आली आणि तिचे डोळे भरले. बाई तिच्याजवळ जाऊन बसल्या, बाहेरच, जमिनीवर. म्हणाल्या, "इथं बसणारीला आत येता येत नव्हतं, पाण्याला हात लावला तर ते पाणी फेकून देत. हे वाईटच होतं, सरकार, त्याला दुसरा शब्द नाही. पण इथून सगळं ऐकू येतं बघा. दरबारात आधी कोण कुठं बसलंय ते बघायचं. काय बोलतात ते मग."

शिक्का लाकडाचा होता. माझी मैत्रीण पद्मा विणकराच्या घरातली, घरी तेलुगू बोलणारी. मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडं धावणारा लाकडी धोटा असतो, तसा एक मोडका धोटा तिच्या वडिलांनी कापून, घासून, त्याच्या बुडाला छोटी कुयरी कोरून दिली होती. खेळ एवढाच, की दरबाऱ्यांनी गोड बोलून, भीती घालून, काहीही करून राणीच्या हातून तो शिक्का काढून घ्यायचा. शिक्का गेला की राज्य संपलं. बाई घड्याळ लावायच्या आणि एका लांब वहीत लिहायच्या, राणीचं नाव, राज्य किती मिनिटं, शिक्का कशानं गेला. खाली सही.

बहुतेक राण्या आठदहा मिनिटांत आटपायच्या. एकीचा शिक्का गेला कारण दिवाण झालेली पोर वर्गाची मॉनिटर होती आणि तिनं डोळे वटारले. एकीला लघवीला जायचं होतं, म्हणून तिनं ‘धरा जरा’ म्हणून सेनापतीच्या हातात ठेवला. आम्ही हसून लोळायचो. बाई शांतपणे वहीत लिहायच्या. "लढाईत राज्य गेलेल्या राण्या थोड्या," त्या म्हणायच्या. "बाकीच्यांचं ‘थोडा वेळ’ म्हणून गेलं."

माझी चिठ्ठी नववीत निघाली. चादरीमागं जाऊन बसले आणि जग बदललं. बाहेरून ती चादर आम्ही नेहमी बघायचो, पांढऱ्यावर डाळिंबी मोर. आतून तेच मोर उलटे होते, डाळिंबीवर पांढरे. मागून खिडकीचं ऊन, पुढून माणसांच्या सावल्या, खालून मागांची खटखट, आणि सगळ्यांचे आवाज विहिरीतून आल्यासारखे. दिवाण म्हणाला, खलित्याला उत्तर पाठवायचंय. मी पद्माच्या कानात सांगितलं, कागद आत पाठवा. पद्मा माझी दाई होती. सेनापती म्हणाला, शत्रू वेशीवर आलाय. मी म्हटलं, मग तू इथं काय करतोस? बाहेर हशा. माझा हात चादरीखालून बाहेर येत होता, कागदावर कुयरी उमटवत होता आणि आत जात होता. तो माझाच आहे यावर माझा विश्वास बसत नव्हता. वस्तीवर मला कधी कुणी काही विचारलं नव्हतं.

मग बाळराजा रडायला लागला. खोटं खोटं, पण फार छान. आणि पद्मा, माझ्या जिवाची पद्मा, कानात म्हणाली, "बाळाला दात येताहेत गं. हिरड्या शिवशिवतात. चावायला काहीतरी लाकडाचं दे की."

आणि मी दिला. चादरीखालून सरळ पुढं केला. बाळराजानं तो तोंडात घातला, पद्मानं तो काढून दिवाणाला दिला, आणि वर्ग हसत सुटला. बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले, इतक्या हसल्या. मग चादर बाजूला करून माझ्याजवळ वाकल्या. "नऊ मिनिटं, सरकार. छान केलंत. शत्रूला नाही दिलात. लाडक्याला दिलात. तिथं सगळ्या जातात." मला रडू आलं. पद्मावर मी आठवडाभर रागावले होते.

बाईंचं स्वतःचं काय चाललं होतं, ते आम्हाला हळूहळू कळलं. शाळेला मुख्याध्यापक नव्हता. म्हणजे खुर्ची होती, शिक्का होता, बसणारा नव्हता. सगळ्यात जुन्या बाईच, म्हणून कारभार त्या बघायच्या. पण संस्थेनं त्यांना कायम केलं नव्हतं. शिक्का ‘मुख्याध्यापक’ असाच राहील, बाईंनी ‘करिता’ लिहून पुढं सही करायची, असा निरोप होता. जागा अध्यक्षांच्या पुतण्यासाठी ठेवलेली, आणि तो अजून बीएड करत होता. मग त्याला अनुभव मिळायचा होता. मग त्याचं लग्न निघालं. अशी नऊ वर्षं. आमच्या पोरींत कुणीतरी त्याला बाळराजा नाव ठेवलं आणि ते शिक्षकांच्या खोलीपर्यंत गेलं. बाईंच्या कानावर आलं असणारच.

त्या ‘करिता’ची त्यांच्या हाताला इतकी सवय झाली होती, की त्या कशावरही सही करताना आधी ‘करिता’ लिहायच्या. सहलीच्या परवानगीवर, वाचनालयाच्या कार्डावर. एकदा मामीनं घरच्या शेंगांची चटणी पाठवली होती, तर रिकाम्या डब्यात ‘चटणी उत्तम, आभार’ अशी चिठ्ठी आली. खाली करिता आणि सही. मामी मला विचारत बसली, कुणाकरिता खाल्ली?

आम्ही दहावीत असताना पुतणेसाहेब आले. तरुण, घाबरलेले, नवा शर्ट. वाईट माणूस नव्हता. बाईंनी स्वतः त्यांना हार घातला, किल्ल्यांचा जुडगा हातात दिला, शिक्का दिला आणि पुन्हा शिक्षकांच्या खोलीत जाऊन आपल्या जुन्या खुर्चीत बसल्या. मी वह्या द्यायला गेले होते. मला राहवेना. म्हटलं, "बाई, तुम्ही का दिलात?" त्या वह्यांचा गठ्ठा सरळ करत राहिल्या. "इरली," म्हणाल्या. पण नेहमीसारखं नाही. त्या शनिवारचा दरबार भरला नाही. पुढं कधीच भरला नाही.

मग माझं लग्न झालं, माढ्याकडंच, चांगल्या घरात. नवरा कष्टाळू, हसरा, गावाच्या उपयोगी पडणारा. सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं तेव्हा त्यांनीच माझा अर्ज भरला. मी निवडून आले, गुलालात न्हाले, आणि पहिले चार महिने खरंच कारभार केला. पाण्याच्या टाकीवरून ग्रामसेवकाशी भांडले. शाळेची खोली मंजूर करून घेतली. मग बाळंतपण आलं. माहेरी निघताना ह्यांनी बॅग उचलली आणि म्हणाले, "ते शिक्क्याचं माझ्याकडं ठिव. तू कशाला काळजी करतीस? थोडे दिस." डिजिटल सहीची ती पेनड्राइव्हसारखी किल्लीही तशीच दिली. पोरगी झाली, गोड. परत आले. पोरगी रडायची, ताप यायचा, दात यायचे. शिक्का ह्यांच्या शर्टाच्या खिशात होता तो तिथंच राहिला. मागायचं कसं? मागितलं असतं तर दिला असता का? हे न कळावं म्हणूनच मी मागत नव्हते. लोक दाखल्यासाठी आले की ‘सरपंच आहेत का’ विचारायचे आणि मी ‘आहेत’ म्हणून ह्यांना हाक मारायची.

शाळेची ती खोली बांधून झाली. उद्घाटनाला कोण, असा विषय निघाला आणि मी हट्टानं सरकारबाईंचं नाव घेतलं. बाई निवृत्त होऊन भवानी पेठेतच भाचीजवळ राहत होत्या. माढ्यापर्यंत एसटीनं आल्या, पुढं ह्यांच्या मोटरसायकलवर, पिशवी मांडीवर घेऊन. ह्यांनी फार आदर केला. "बाई, तुमी हितं बसा की. लई ऐकलंय तुमच्याबद्दल." फीत कापली, नारळ फुटला, आणि चहाला सगळे ग्रामपंचायतीच्या कार्यालयात आले.

सरपंचाच्या खुर्चीत हे. शेजारी ग्रामसेवक. सदस्य कडेला बाकावर. मी भिंतीशी, कपाच्या ट्रेजवळ, डोक्यावर पदर. कोंडाबाई म्हणून आमच्याकडं एक म्हातारी आहे, ती नेहमी उंबऱ्याबाहेर बसते. खुर्ची दिली तरी आत येत नाही. तिला रहिवासी दाखला हवा होता. ह्यांनी खिशातून शिक्का काढला, फुंकर मारली, उमटवला आणि कागद सहीसाठी माझ्याकडं सरकवला. मी सही केली. शिक्का परत खिशात.

बाई चहा पीत होत्या. त्यांची नजर खोलीभर हळूहळू फिरली. कोण कुठं बसलंय, हे त्या बघत होत्या.

स्टँडवर सोडायला मी एकटीच गेले. पोरगी कडेवर. बाभळीखालच्या बाकावर आम्ही बसलो. दुपारची वेळ, रस्ता रिकामा, लांबवर उसाचा ट्रॅक्टर रांगत होता.

"शिक्का कुठंय, सरकार?"

"ह्यांच्याकडं हाय, बाई. थोडे दिस दिलाय."

"किती झाले?"

"अकरा महिने."

मला वाटलं, त्या इरली म्हणतील. मी वाटच बघत होते, खरं सांगायचं तर. इरली म्हणाल्या असत्या तर मी सुटले असते. त्या पोरीच्या पायाशी खेळत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही मला विचारलं होतं, का दिलात म्हणून. आठवतंय? तुम्हाला सगळ्यांना मी खेळ शिकवला आणि स्वतः नवव्या वर्षी हार घेऊन उभी राहिले. मागितलं असतं तर मिळालंच असतं असं नाही. पण मी मागितलंच नाही. मला वाटत होतं, कुणाला तरी दिसेल, आणि ते आपण होऊन म्हणतील." पोरीचं टोपरं सारखं केलं. "कुणाला दिसत नाही, सरकार. चादर जाड असते."

"पण भांडण झालं तर? घर हाय बाई. ते वाईट न्हाईत."

"वाईट असते तर सोपं झालं असतं," बाई म्हणाल्या. "भांडू नका. राणी कुठं बोलायची? हात तेवढा पुढं करायची." आणि एसटी आली. चढताना त्यांनी पायरीवर थांबून, पडता पडता वाचत, मला मुजरा केला. कंडक्टर बघतच राहिला.

पंधरा दिवसांनी ग्रामसभा होती. आदल्या दोन्ही रात्री मला एकच स्वप्न पडलं, उलटे पांढरे मोर आणि लांबून येणारे आवाज. सभेत ग्रामसेवकानं ठराव वाचला, हात वर झाले, कागद टेबलावर आला. ह्यांचा हात खिशाकडं गेला, शिक्का बाहेर आला. मी भिंतीपासून उठून टेबलापाशी गेले आणि उजवा हात पुढं केला, तळवा वर करून.

त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं. हळूच म्हणाले, "घरी बघू की." हात तसाच. पंख्याचा आवाज यायला लागला. माझ्या बांगड्या किणकिणत होत्या, त्याची मला एवढी लाज वाटली की काय सांगू. किती वेळ गेला ठाऊक नाही. हे माझ्याकडं बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, त्याहून वाईट, दुःख होतं. मला वाटलं आता हात खाली जाणार.

तेवढ्यात उंबऱ्याबाहेरून कोंडाबाई बोलली. "द्या की ओ. कवाधरनं हात धरलाय बायनं."

ह्यांनी शिक्का माझ्या हातावर ठेवला. खुर्चीतून उठले आणि बाहेर गेले. मी खुर्चीत बसले. ठरावावर शिक्का मारला, जरा वाकडा उमटला.

बाहेर येऊन मी बाईंना फोन लावला. "बाई, मिळाला," एवढंच म्हणता आलं. मग त्यांनी विचारलं, "आत्ता किती वाजलेत?" त्यांचं वय झालं होतं, मला वाटलं नीट ऐकू आलं नसेल. सांगितलं, अकरा वाजून दहा मिनिटं. "बरं," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

हे चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जेवायचे, पोरीला खेळवायचे, रानात जायचे. पाचव्या दिवशी माढ्याहून आले आणि माझ्यापुढं शाईचं नवं पॅड ठेवलं. "जुनं वाळलं असंल," म्हणाले. डिजिटल सहीची किल्ली त्यावरच ठेवली होती. मी चहा टाकला. त्यावर आमचं आजवर बोलणं झालेलं नाही, आणि खुर्चीकडं बघताना त्यांच्या डोळ्यांत अजूनही काहीतरी दुखतं, तेही मला दिसतं.

बाई गेल्याचा निरोप भाचीनं दिला तेव्हा मी पहिल्या एसटीनं सोलापूर गाठलं. त्यांच्यात माणूस गेलं की बसवतात. आडवं ठेवत नाहीत. बाईंना दारासमोर मांडवात बसवलं होतं, कपाळभर विभूती, गळ्यात हार, पाठ ताठ. शेजारच्या कारखान्यातून मागांची खटखट येत होती. कुणीतरी बंद करा म्हणून सांगायला निघालं, तर भाची म्हणाली, राहू दे, त्यांना लागते. गल्लीतल्या पुष्कळ जुन्या पोरी आल्या होत्या. पद्मा आली होती, डोळे सुजलेले. ते पुतणेसाहेब आले, आता चांगले पोक्त, केस पांढरे. बाईंच्या पायांवर डोकं ठेवून पोराप्रमाणे रडले. आम्ही सगळ्या खाली जमिनीवर आणि बाई वर. इतक्या वर्षांत त्यांना असं समोर, मधोमध, कुणाकरिता म्हणून नव्हे, बसलेलं मी पहिल्यांदा बघितलं. माझ्याच्यानं राहवलं नाही. उठले, वाकले आणि तीनदा कपाळापर्यंत हात नेला. पद्मानं केला. मग एकेक करत सगळ्यांनी.

दिवस झाल्यावर भाचीनं मला बोलावून चादरीत गुंडाळलेली लांब वही दिली. "तुमचं नाव सांगून गेल्यात," म्हणाली. चादर तीच, मोर विटलेले. मी वही तिथंच उघडली. साठ साठ पोरींची राज्यं. सहा मिनिटं, मॉनिटरनं डोळे वटारले. चार मिनिटं, लघवी. प्रत्येक पानाखाली करिता आणि सही. माझं पान आलं. नऊ मिनिटं, बाळाचे दात. ती ओळ त्यांनी एका रेघेनं खोडली होती. खाली, थरथरत्या अक्षरात, वेगळ्या शाईनं लिहिलं होतं:

‘अकरा वाजून दहा मिनिटांपासून. चालू आहे.’

खाली बाईंचं पूर्ण नाव होतं, आणि सहीच्या आधी काहीच लिहिलेलं नव्हतं.